आयटीपीची नवी औषधं: कोणतं कुणाच्या घड्याळात, फ्रिजमध्ये आणि खिशात बसतं

जुलै-ऑगस्टात गोव्यात कुणाच्या रिपोर्टवर प्लेटलेट ४० हजार दिसल्या की घरात एकच नाव निघतं, डेंग्यू. सत्तरी तालुक्यात त्याच्या जोडीला माकडतापाचीही शंका येते. बऱ्याचदा ती खरी ठरते आणि ताप उतरल्यावर काही दिवसांत काउंट आपसूक वर चढतो. पण ताप आलाच नव्हता, नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, कुठे आपटलेलं नसताना दंडावर काळे-निळे डाग उठतात आणि महिना उलटला तरी काउंट २० हजारांच्या आसपास रेंगाळतो, असं असेल तर कारण बाहेरच्या विषाणूत शोधून भागत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच प्लेटलेटना परकं समजू लागलेली असू शकते. या आजाराला इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया म्हणतात, दवाखान्यातल्या बोलीत आयटीपी.

इथे परीक्षण आहे ते प्रौढांच्या आयटीपीसाठी गेल्या दीडेक दशकात आलेल्या औषधांचं. कोणतं औषध किती जणांना लागू पडतं हे कागदावर सापडतं. ते रोज कसं घ्यायचं, कशामुळे फसतं आणि गोव्यातल्या घरात त्याचं वेळापत्रक कसं जुळवायचं, हे मात्र पाच मिनिटांच्या तपासणीत कुणी सांगत नाही. आमचं ठाम मत असं की ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून जी औषधं बंद होतात, त्यांतली काही औषधाच्या दोषाने नाही, तर घेण्याच्या पद्धतीने वाया जातात. औषध निवडताना आणि बदलताना निर्णय रक्तविकारतज्ज्ञाचाच. पण त्यांना काय विचारायचं हे माहीत असलेलं बरं.

आधी एक खातरजमा. रक्त ज्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात त्यातल्या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. यंत्र त्या मोजत नाही आणि काउंट खोटा कमी येतो. अशा माणसाला आजारच नसतो. म्हणून रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने पाहिली का, हे विचारा. शंका असेल तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत रक्त पुन्हा घेतात आणि येणारा आकडा १.१ ने गुणतात, कारण त्या नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ झालेलं असतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्याही सुरुवातीलाच व्हाव्यात. पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी स्वस्त आहे. तो सापडला आणि काढून टाकला तर काहींचा काउंट तेवढ्यानेच सुधारतो.

दुसरी गोष्ट, आकड्याचा धसका. निरोगी माणसाच्या दर मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. आयटीपी म्हणतात ते एक लाखाखाली. पण ३० हजारांच्या वर आणि रक्तस्राव नाही, अशा प्रौढांना बहुधा औषध न देता नुसतं लक्ष ठेवतात. उपचाराचा हेतू रिपोर्टवर ‘नॉर्मल’ शब्द उमटवणं हा नाही. रक्तस्राव टळेल इतक्या, साधारण ५० हजारांच्या आसपास, प्लेटलेट टिकवणं हा आहे. हे मनात पक्कं नसेल तर माणूस नाहक डोस वाढवून घेतो, आणि या औषधांत जादा डोसाची किंमत रक्ताच्या गुठळीत मोजावी लागते.

स्टिरॉइड: सुरुवात त्यांनीच, मुक्काम नको

नव्या औषधांचं मोल कळायला जुनं आधी पाहू. पहिला उपचार आजही स्टिरॉइडच. प्रेडनिसोलोन वजनाच्या किलोमागे साधारण १ मिलिग्रॅम रोज, किंवा डेक्सामेथासोन ४० मिलिग्रॅम सलग ४ दिवस. बहुतेकांचा काउंट वर येतो, पण गोळी कमी करताच बऱ्याच प्रौढांचा पुन्हा घसरतो. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: प्रेडनिसोलोनचा सगळा काळ, उतरता डोस धरून, ६ आठवड्यांच्या आत आटपावा. आपल्याकडे वर्ष वर्ष १० मिलिग्रॅमवर असलेले रुग्ण दिसतात. साखर वाढते, झोप उडते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात. गोळी मनाने एकदम सोडणंही धोक्याचं. ६ आठवडे होऊन गेले आणि स्टिरॉइड सुटत नसेल, तर ‘पुढचं औषध कोणतं’ हा प्रश्न तुम्ही स्वतः काढा.

एल्ट्रोम्बोपॅग: उत्तम गोळी, पण चहाशी वैर

पूर्वी समजूत होती की प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चिकटलेल्या प्लेटलेट प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, गिळल्या जातात आणि एवढाच हा आजार. नंतर लक्षात आलं की अस्थिमज्जेत त्यांचं उत्पादनही गरजेइतकं वाढत नाही. उत्पादनाला हुकूम देणारं थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक यकृतात तयार होतं. आयटीपीत ते असावं तितकं वाढलेलं नसतं. ते बाहेरून देण्याचा पहिला प्रयत्न १९९० च्या दशकात झाला आणि फसला: कृत्रिम थ्रोम्बोपोएटिनविरुद्ध काहींच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली आणि ती त्यांच्या मूळ संप्रेरकावरही उलटली. म्हणून पुढची औषधं अशी घडवली की ती संप्रेरकासारखी दिसत नाहीत, पण त्याच कुलपात फिरतात.

एल्ट्रोम्बोपॅग ही त्यातली पहिली गोळी. अमेरिकेत २००८ च्या नोव्हेंबरात मान्यता. मूळ कंपनीचं नाव आपल्याकडे रिव्होलेड. आता भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्याही मिळतात आणि त्यामुळे हे औषध मध्यमवर्गीय घराच्या थोडं तरी आवाक्यात आलं. राइज या चाचणीत ६ महिन्यांत निदान एकदा तरी काउंट हव्या त्या पट्ट्यात आलेले ७९ टक्के होते, औषध नसलेल्या गोळीवर २८ टक्के. परिणाम दिसायला १ ते २ आठवडे लागतात.

प्रौढांचा नेहमीचा आरंभीचा डोस दिवसाला एकदा ५० मिलिग्रॅम. पूर्व आणि आग्नेय आशियाई वंशाच्या लोकांना, तसंच यकृताचा आजार असलेल्यांना २५. भारतीय त्या वंशगटात मोडत नाहीत, तरी काही डॉक्टर सावधपणे २५ वरून सुरुवात करतात. निदान २ आठवडे घेऊनही काउंट ५० हजारांखाली असेल तर ७५ पर्यंत, त्यापुढे नाही. दोन लाखांच्या वर गेला तर डोस उतरवतात, चार लाखांच्या वर गेला तर थांबवतात आणि दीड लाखाखाली आल्यावर कमी डोसाने पुन्हा सुरू करतात. ७५ मिलिग्रॅमवर ४ आठवडे काढूनही उपयोग नसेल तर ही गोळी तुमची नाही.

आता मुख्य गोम. एल्ट्रोम्बोपॅगचा रेणू कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त यांना पोटातच घट्ट पकडतो. मग तो रक्तात जात नाही, शौचावाटे निघून जातो. दुधाचे पदार्थ असलेल्या भरपेट न्याहारीबरोबर घेतल्यावर रक्तात पोचणारं औषध ५९ टक्क्यांनी घटलं; अँटासिडबरोबर ७० टक्क्यांनी. म्हणजे ५० ची गोळी गिळून पदरात २० किंवा त्याहून कमी पडते, आणि रिपोर्ट पाहून सगळे म्हणतात, औषध चालत नाही.

नियम असा: कॅल्शियमयुक्त खाण्याआधी निदान २ तास किंवा नंतर निदान ४ तास. रिकाम्या पोटी उत्तम. खायचंच असेल तर त्या खाण्यात एकूण ५० मिलिग्रॅमच्या आत कॅल्शियम. दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे अर्धा कप दुधाच्या चहानेच मर्यादा मोडली. नाचणीचं आंबील पौष्टिक खरं, पण १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. काट्यासकट खाल्लेली तारली, सुक्या सुंगटांची किसमूर, तिळाचे लाडू, दही, ताक, पनीर ही सगळी गोळीपासून दूर. तांदळाची पेज, भात, फळं, कोरा चहा यांचं तितकं भय नाही.

गोव्यातल्या दिवसात दोन वेळा नीट बसतात. पहाटे उठणाऱ्याने साडेपाचला पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि दुधाचा चहा साडेसातच्या आधी तोंडाला लावू नये. ज्यांना उठल्याबरोबर चहा सुटत नाही त्यांनी चहा-न्याहारी साडेसातला आटपावी, मग गोळी साडेअकराला, जेवण दीडला. मधल्या वेळात पाणी किंवा कोरा चहा. रात्री झोपताना घ्यायची तर साडेसात-आठला जेवण होऊन नंतर दूध नाही, अशा घरातच ती वेळ चालते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक याहूनही साधी आहे. स्टिरॉइड सुरू असताना हाडांसाठी कॅल्शियमची गोळी लिहून दिलेली असते, शेलकॅल किंवा तत्सम. पुढे एल्ट्रोम्बोपॅग सुरू होतं, जुनी चिठ्ठीही चालू राहते, आणि रुग्ण सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच घोटाबरोबर घेतो. लोहाची गोळी, जस्त असलेली मल्टिव्हिटॅमिन, जळजळीवर घेतलेलं डायजीन, सगळ्यांचं हेच. एल्ट्रोम्बोपॅग सकाळी असेल तर ही मंडळी रात्रीच्या जेवणानंतर. जळजळीसाठी पँटोप्राझोल चालतं, त्यात हे धातू नाहीत. कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एल्ट्रोम्बोपॅगमुळे ते रक्तात वाढतं आणि त्याचा डोस अर्धा करावा लागू शकतो.

तपासण्या: काउंट सुरुवातीला दर आठवड्याला, डोस स्थिरावल्यावर महिन्याला. यकृतासाठी एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन: औषध सुरू करण्याआधी, डोस ठरेपर्यंत दर २ आठवड्यांनी, मग महिन्याला. एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं आणि वाढतच राहिलं, महिनाभर उतरलं नाही किंवा सोबत कावीळ दिसली, तर औषध थांबवतात. या औषधाचा रंग गडद लालसर-तपकिरी असल्याने रक्तद्रवाला रंग चढून लॅबचं बिलिरुबिन चुकीचं येऊ शकतं. डोळे पिवळे नसताना आकडा विचित्र आला तर लॅबला औषधाचं नाव सांगून पुन्हा पडताळा. मोतीबिंदूसाठी डोळे सुरुवातीला आणि पुढे अधूनमधून तपासावेत. दीर्घ काळ घेणाऱ्यांत शरीरातलं लोह कमी होऊ शकतं, कारण ही गोळी लोहही ओढून नेते. थकवा वाढला तर फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, पाहा.

शिस्त पाळणाऱ्या माणसासाठी आमची पहिली पसंती हीच. ज्याच्या जेवणाच्या वेळा रोज बदलतात, हॉटेलच्या पाळ्यांत काम करणारे, टॅक्सीवाले, मासेमारीच्या ट्रॉलरवरचे, त्यांच्यासाठी ही गोळी कष्टाची आहे.

रोमिप्लोस्टिम: आठवड्याला एक टोचणी

चहा-नाचणीचा प्रश्नच नको असेल तर हे. त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा. अमेरिकेत २००८ च्या ऑगस्टात मान्यता, मूळ नाव एनप्लेट. भारतात बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाच्या धर्तीवर दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली, मिळतात. यकृतावर भार नाही, खाण्याशी संबंध नाही. चाचण्यांत प्रतिसाद चांगला आणि बऱ्याचदा १ ते २ आठवड्यांत. अडचण आहे ती हिशेबाची आणि थंडाव्याची.

माहितीपत्रकातला आरंभीचा डोस किलोमागे १ मायक्रोग्रॅम, दर आठवड्याला १ ने वाढवत जास्तीत जास्त १०. प्रत्यक्षात बरेच तज्ज्ञ २-३ वरून सुरुवात करतात. ६० किलोच्या माणसाला ३ मायक्रोग्रॅम म्हणजे १८० मायक्रोग्रॅम. मूळ कंपनीच्या २५० च्या कुपीत ०.७२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घातलं की दर मिलिलिटरला ५०० मायक्रोग्रॅम असं द्रावण होतं. म्हणजे टोचायचे फक्त ०.३६ मिलिलिटर. यासाठी ०.०१ च्या खुणा असलेली बारीक सिरिंज हवी. साध्या २ मिलिलिटरच्या सिरिंजने ०.३६ मोजणं अशक्य, आणि अंदाजाने भरलं की काउंट एका आठवड्यात दीड लाख, पुढच्यात १५ हजार असा हेलकावतो. कुपी हलवून फेस काढायचा नाही, हळू गोल फिरवायची. पूड दोनेक मिनिटांत विरघळते. पाणी किती घालायचं ते त्या-त्या कंपनीच्या कागदावर पाहूनच; बायोसिमिलरच्या कुपीला वरचा आकडा आंधळेपणाने लावू नका.

खर्चाचा एक बारकावा. ६० किलोला ४ मायक्रोग्रॅमचा डोस २४० होतो, एका कुपीत भागतो. ५ चा डोस ३०० होतो आणि दुसरी कुपी फोडावी लागते. उरलेलं पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येत नाही. काउंट ५० हजारांच्या वर असताना ४ वरून ५ वर जाण्याची गरज आहे का, हे म्हणून विचारायचं.

साठवण २ ते ८ अंशांत, मूळ खोक्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलं तर वाया. फ्रिजच्या दारातही नको. मधल्या फळीवर मागे ठेवा, पण मागच्या भिंतीला टेकवू नका. मूळ औषध फ्रिजबाहेर २५ अंशांपर्यंत ३० दिवस चालतं, पण मे महिन्यात गोव्यातली कोणती खोली २५ अंशांवर असते? पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रिज उघडायचा नाही, आणि खोळंबा लांबला तर बर्फाच्या पिशव्यांचा डबा, कुपी आणि बर्फ यांच्यामध्ये टॉवेलची घडी घालून. फार्मसीतून आणतानाही असाच डबा न्यावा. पणजीहून पेडण्यापर्यंत दुचाकीच्या डिकीत प्रवास केलेली कुपी टोचू नये. आठवड्याला एकदाच घ्यायचं असल्याने काही जण साठा न करता दवाखान्यातच टोचून घेतात. जवळ दवाखाना असेल तर ते उत्तम.

तारवट्यांसाठी, म्हणजे महिनोन्महिने बोटीवर काम करणाऱ्यांसाठी, हे औषध जुळवणं फार अवघड. दर आठवड्याला काउंट पाहिल्याशिवाय डोस ठरवता येत नाही आणि एखादा आठवडा चुकला तर काउंट झपाट्याने पडतो.

अव्हाट्रोम्बोपॅग: सर्वांत सोपी

एल्ट्रोम्बोपॅगच्याच घराण्यातली धाकटी. जुनाट आयटीपीसाठी अमेरिकेत २०१९ च्या जूनमध्ये मान्यता. २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा, जेवणाबरोबर. दूध, नाचणी, तारली, सगळं चालतं. वरची मर्यादा ४०. काउंट फार चढला तर आठवड्यातून ३ दिवस किंवा एकच दिवस असाही डोस करतात, आणि इथेच घोटाळा होतो. कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांना गोल करून ठेवा. फ्लुकोनाझोल या बुरशीच्या गोळीने ती रक्तात वाढते, क्षयाच्या रिफाम्पिसिनने घटते. जेवणाच्या वेळा अनिश्चित असतील आणि परवडत असेल तर एल्ट्रोम्बोपॅगपेक्षा हीच घ्यावी. एकीचा उपयोग झाला नाही म्हणून दुसरीचा होणारच नाही असंही नाही; या गटात अदलाबदल करून पाहतात.

तिन्हींना लागू असलेला इशारा: रक्ताची गुठळी. पायाच्या नसेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं असतील, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, धूम्रपान असेल, तर आधीच सांगा. एका पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत कळ, धाप, ही लक्षणं काउंट फक्त ६० हजार असतानाही गंभीरपणे घ्यायची. कमी प्लेटलेट गुठळीपासून संरक्षण देतात हा गैरसमज आहे. गर्भारपणात ही औषधं सहसा टाळतात. तिथे स्टिरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलेली तयार प्रतिपिंडं) हेच नेहमीचे मार्ग.

फोस्टामॅटिनिब आणि रिल्झाब्रुटिनिब: गिळणं थांबवणारी

ही दोन उत्पादन वाढवत नाहीत. प्लेटलेट गिळणाऱ्या पेशींना मिळणारा आतला संदेश तोडतात. म्हणून वरची औषधं थकली तरी यांचा उपयोग होऊ शकतो.

फोस्टामॅटिनिब, अमेरिकेतली मान्यता २०१८ च्या एप्रिलची. १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिन्यानंतर ५० हजार न गाठल्यास १५० दोनदा. टिकाऊ प्रतिसाद मिळालेले १८ टक्के, औषध नसलेल्या गोळीवर २ टक्के. आकडा लहान वाटतो, पण त्या चाचण्यांतले रुग्ण आधीच अनेक उपचार हरलेले होते. मुख्य त्रास जुलाब आणि रक्तदाब. दाब दर २ आठवड्यांनी मोजायचा, स्थिरावल्यावर महिन्याला. पावसाळ्यात पुरुमेंताचे, म्हणजे आधीच साठवून ठेवलेले, खारे मासे, लोणची, पापड यांवर जेवण चालतं तेव्हा दाब औषधाने चढला की मिठाने हे कळेनासं होतं; पहिले तीन महिने खारं बाजूला ठेवलेलं बरं. १२ आठवड्यांत परिणाम नसेल तर बंद. गर्भाला घातक, त्यामुळे गर्भनिरोध आवश्यक.

रिल्झाब्रुटिनिबला अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टात मान्यता मिळाली. ४०० मिलिग्रॅम दोनदा. लूना ३ या चाचणीत टिकाऊ प्रतिसाद २३ टक्के, तुलनेच्या गटात एकाचाही नाही. जुलाब, मळमळ, डोकेदुखी हे त्रास. आपल्याकडे पोटासाठी घेतलंच जाणारं पँटोप्राझोल आणि त्याची भावंडं याच्याबरोबर टाळायची असतात. एल्ट्रोम्बोपॅगबरोबर जे चालतं ते इथे चालत नाही, हे औषध बदलताना हमखास विसरलं जातं.

प्रतिपिंडंच शरीरातून लवकर बाहेर काढणारं एफगार्टिजिमॉड आयटीपीसाठी जपानने २०२४ मध्ये मान्य केलं. शिरेतून दिलेल्या रूपाने चाचणीत उपयोग दाखवला, त्वचेखालच्या रूपाने नाही. रांगेत आणखीही औषधं आहेत, पण आजच्या निर्णयाला त्यांचा उपयोग नाही.

जुनी, पण टाकाऊ नाहीत

रिटुक्सिमॅब आठवड्याला एक अशा ४ सलाइनमधून देतात. सुरुवातीला अर्ध्याहून अधिकांचा काउंट चढतो. ५ वर्षांनी टिकून राहतात ते सुमारे पाचातले एक. हिपॅटायटिस बीची पूर्ण तपासणी, पृष्ठभागाचा प्रतिजन आणि कोअर प्रतिपिंड दोन्ही, झाल्याशिवाय पहिली बाटली लावू देऊ नका. दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं. लसी आधीच घ्याव्यात, नंतर सहा महिने त्या जोर धरत नाहीत.

डॅप्सोन हे सर्वांत स्वस्त. महागडी औषधं परवडत नसतील तिथे भारतीय डॉक्टर ते विचारपूर्वक वापरतात, आणि काहींना ते खरोखर तारतं. आधी जी६पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची तपासणी हवीच; ते कमी असेल तर तांबड्या पेशी फुटतात. ओठ निळसर दिसू लागले किंवा धाप लागली तर थांबवून दाखवायचं.

प्लीहा काढण्याची शस्त्रक्रिया आता निदानानंतर निदान वर्षभर लांबवतात. करायचीच ठरली तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब लसी २ आठवडे आधी.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल रोज विचारतात. डेंग्यूत काउंट आपणहून वर येतो, म्हणून श्रेय रसाला जातं. आयटीपीत तो आपणहून येत नसतो. रस पिऊन गोळी चुकवू नका.

खर्च आणि पाठपुरावा, गोव्यापुरतं

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण आहे, पण ती ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. आयटीपीचा खरा खर्च दाखल होण्यात नाही, महिन्यामागून महिना लागणाऱ्या गोळ्यांत आहे. म्हणून सुरू करण्याआधी बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, योजनेच्या खिडकीवर तीन प्रश्न विचारा: हे औषध यादीत आहे का, बाह्यरुग्ण म्हणून मिळेल का, आणि मध्येच साठा संपला तर काय. तिसरा सर्वांत महत्त्वाचा. १५ दिवसांचं औषध मिळून पुढचे १५ दिवस खंड पडला, तर काउंट सुरुवातीच्याही खाली जाऊ शकतो.

काउंट शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी. वहीत तारीख, काउंट, डोस, स्टिरॉइडचा डोस, ताप किंवा रक्तस्राव अशी पाच रकान्यांची नोंद ठेवा. पावसाळ्यात ताप आला आणि काउंट पडला तर औषध फसलं असं धरून डोस वाढवू नका. आधी डेंग्यूची तपासणी. अंगदुखीला ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद, फक्त पॅरासिटामॉल. दंडात-कमरेत स्नायूचं इंजेक्शन घेण्याआधी आजार सांगा. तोंडात रक्ताचे फोड, काळी शौच, अचानक तीव्र डोकेदुखी किंवा उलटी, यांत रिपोर्टची वाट पाहायची नाही, १०८ बोलवायची.

आणि बंद कसं करायचं? एल्ट्रोम्बोपॅग आणि तिच्या भावंडांवर असलेल्यांतले साधारण १० ते ३० टक्के लोक पुढे औषधाविना राहू शकतात. सहा-आठ महिने काउंट एक लाखाच्या आसपास स्थिर, सोबत दुसरं औषध नाही, रक्तस्राव नाही, असं असेल तर डॉक्टरांशी उतरत्या डोसाबद्दल बोला. डोस एका पायरीने खाली, मग २ ते ४ आठवडे थांबून पाहायचं, मग पुढची पायरी. शेवटची गोळी घेतल्यानंतर निदान ४ आठवडे दर आठवड्याला काउंट, आणि त्या महिन्यात दात काढणं, लांबचा प्रवास किंवा बोटीवर रुजू होणं ठेवायचं नाही.